लाटेआधीचे तास

(पेण येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. म्हणून आज भूगोलाच्या एका तासापासूनच सुरुवात करतो. २६ डिसेंबर २००४च्या सकाळी थायलंडमधल्या फुकेत बेटावर, माई खाओच्या किनाऱ्यावर, टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांबरोबर फिरत होती. समुद्राला वेगळाच फेस आलेला तिने पाहिला. पाणी येत होते, पण लाटेसारखे मागे जात नव्हते. दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला सुनामीची चित्रफीत दाखवली होती, ती तिला आठवली. तिने हट्टच धरला, वडिलांनी हॉटेलच्या रक्षकाला गाठले आणि किनारा रिकामा झाला. आसपासच्या किनाऱ्यांवर प्रेतांचा खच पडला. त्या किनाऱ्यावर कोणी दगावले नाही.

समुद्र चढून येतो तेव्हा एखादा देश काय करतो, हा आजचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा लाट ओसरल्यानंतरच्या दिवसांत शोधतो. किती जहाजे गेली, किती विमाने उडाली, किती कोटी जाहीर झाले, असे. ते मोजायलाच हवे. पण मला आज मुख्यतः लाट येण्याआधीच्या तासांविषयी बोलायचे आहे. धरमतरच्या आणि रेवदंड्याच्या खाडीकाठी राहणाऱ्या माणसांना ते तास जास्त जवळचे आहेत, असे मला वाटते.

२६ डिसेंबरचा तो दिवस रविवार होता, मार्गशीर्षी पौर्णिमा. सकाळी साडेसहाला, नेमके सांगायचे तर ६ वाजून २८ मिनिटांनी, सुमात्राच्या वायव्य किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ फाटला. ९.१ तीव्रतेचा भूकंप. तळाचा शेकडो किलोमीटर लांबीचा पट्टा उचलला गेला आणि त्याच्यावरचे सगळे पाणीही उचलले गेले. खोल समुद्रात ही लाट जेट विमानाच्या वेगाने जाते आणि बोटीतल्या माणसाला ती जाणवतही नाही. काठाजवळ आली, तळ उथळ झाला, की ती मंदावते आणि उभी राहते. अर्ध्या-पाऊण तासात ती निकोबारवर आदळली. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला. जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक जण गेले. देशाचे दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट काही मीटर खाली खचला. तामिळनाडूच्या किनाऱ्याला पाणी लागले ते साडेआठ ते नऊच्या दरम्यान.

म्हणजे भूकंपानंतर मध्ये दोन तास होते. आपल्याच देशाच्या एका भागात समुद्र घुसला होता, आपल्याच हवाई दलाचा तळ बुडत होता, आणि आपल्याच देशाच्या दुसऱ्या भागात नागपट्टणमचे कोळी जाळी आवरत होते, वेलांकण्णीच्या चर्चजवळ नाताळच्या यात्रेची गर्दी होती, चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर मुले क्रिकेट खेळत होती. कोणीच त्यांना काही सांगितले नाही. हवामान खात्याने पाठवलेला फॅक्स माजी मंत्र्यांच्या पत्त्यावर गेल्याचे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आले. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे मेली, पाच हजारांहून अधिक बेपत्ता झाली. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक गेली. सगळ्या हिंदी महासागराच्या काठाने हा आकडा सव्वादोन लाखांच्या घरात जातो.

त्यानंतर देशाने जे केले त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. स्वतःच्या घरात प्रेते असताना भारताने त्याच दिवशी श्रीलंकेला हेलिकॉप्टर पाठवली. नौदलाच्या मोहिमांना नावे पडली: तामिळनाडू-आंध्रसाठी ‘मदद’, अंदमानसाठी ‘सी वेव्ह’, श्रीलंकेसाठी ‘रेनबो’, मालदीवसाठी ‘कॅस्टर’, इंडोनेशियासाठी ‘गंभीर’. समुद्रतळाची मोजणी करणाऱ्या ‘निरुपक’ जहाजाचे इस्पितळ झाले आणि ते सुमात्राच्या किनाऱ्याला लागले. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तातडीच्या मदतकार्यासाठी परदेशी सरकारांची मदत नाकारली. पुढच्या पुनर्बांधणीसाठी मात्र जागतिक बँकेचे आणि आशियाई विकास बँकेचे पैसे घेतले. हा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे. नागपट्टणममध्ये इतकी प्रेते, इतका चिखल, इतकी गर्दी असूनही साथ पसरली नाही, हे तिथल्या प्रशासनाचे, सफाई कामगारांचे आणि स्वयंसेवकांचे यश आहे. त्यांची नावे कुठल्या शिलालेखावर नाहीत.

आणि तरीही त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली, जी आपण सांगायला विसरतो. ३० डिसेंबरला केंद्र सरकारने पुन्हा लाट येण्याचा इशारा दिला. आधार होता एका परदेशी खासगी कंपनीच्या भाकिताचा. किनाऱ्यावरची माणसे प्रेते टाकून, अन्नछत्रे सोडून पळाली. रस्ते तुंबले, मदतीचे ट्रक अडकले. लाट आली नाही, येणारही नव्हती. २६ तारखेला माहिती असून सांगितले गेले नाही, ३० तारखेला माहिती नसताना सांगितले गेले. दोन्हीचे मूळ एकच होते. देशाकडे समुद्राविषयी बोलायला अधिकाराचे एक तोंड नव्हते.

मदत वाटतानाही देशाचा चेहरा दिसला. मासेमारी करणाऱ्या वस्त्यांपर्यंत ट्रक पोचले. त्यांच्या मागे राहणारे दलित मजूर आणि इरुळा आदिवासी अनेक ठिकाणी रांगेबाहेर राहिले. त्यांच्या नावावर ना बोट, ना जाळे. मग नुकसान कसले, असा हिशोब झाला. आणि कित्येक गावांत पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. याचे कारण आपल्याकडच्या कोणत्याही कोळणीला विचारा, ती लगेच सांगेल. पुरुष खोल पाण्यात होते, जिथे लाट जाणवतच नाही. बायका काठावर होत्या, टोपल्या घेऊन, बोटी परत येण्याची वाट बघत. मुले त्यांच्याजवळ होती. ज्यांना पोहायला कोणी शिकवले नव्हते, त्या नेमक्या पाण्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

या संकटातून देशाने जे कायमचे उभे केले, त्यात मराठी माणसांचा आणि मराठी दुःखाचा वाटा आहे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी भूकंपाने हादरले, तेव्हा महाराष्ट्राला पहिल्यांदा कळले की मदत वाटणे आणि गाव पुन्हा वसवणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार पुढे २००१च्या भूजच्या भूकंपानंतर नेमलेल्या राष्ट्रीय समितीचे उपाध्यक्ष झाले. सुनामीनंतर आपत्ती व्यवस्थापनाचे विधेयक संसदेत आले, तेव्हा केंद्रीय गृहमंत्री होते लातूर जिल्ह्यातले शिवराज पाटील चाकूरकर. डिसेंबर २००५मध्ये कायदा झाला. त्यातून राष्ट्रीय प्राधिकरण आले, राज्याचे आले, जिल्ह्याचे आले आणि एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. पण मला या सगळ्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या लातूर-उस्मानाबादच्या बायका. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या कामातून तयार झालेल्या या खेड्यातल्या बायका आधी कच्छला आणि मग तामिळनाडूच्या किनाऱ्यावर गेल्या. घर गेलेली बाई घर गेलेल्या दुसऱ्या बाईला सांगत होती की ठेकेदाराला काय विचारायचे, पाया किती खोल घ्यायला लावायचा, घराचा कागद कोणाच्या नावावर करून घ्यायचा. भाषा वेगळी होती, समुद्र त्यातल्या अनेकींनी पाहिलाही नसेल. तरी त्यांचे बोलणे पोचले.

हैदराबादला ‘इन्कॉइस’ या संस्थेत ऑक्टोबर २००७पासून सुनामी इशारा केंद्र सुरू झाले. समुद्रतळावर पाण्याचा दाब मोजणारी यंत्रे बसली, किनाऱ्याने भरतीमापक बसले, भूकंपमापकांचे जाळे जोडले गेले. मोठा भूकंप झाला की दहा मिनिटांच्या आसपास पहिली सूचना निघते. आज हे केंद्र ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या केंद्रांबरोबर साऱ्या हिंदी महासागराला इशारे देते. ११ एप्रिल २०१२ला सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा ही यंत्रणा कसाला लागली आणि उतरली. ज्या देशाकडे २००४मध्ये सांगायला तोंड नव्हते, तो देश आठ वर्षांत शेजाऱ्यांना सांगू लागला.

आता आपल्याकडे येतो. सुनामी म्हणजे पूर्व किनाऱ्याचे दुखणे, आपला अरबी समुद्र तसा नाही, असे इथे बरेच जण म्हणतात. २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यासमोर ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पसनी आणि ओरमारा ही गावे पाण्याने झोडपली. तीच लाट सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईला पोचली. उंची सुमारे दोन मीटर. दांडा-जुहूला बोटी दावणीतून तुटून गेल्या, वर्सोव्याला आणि हाजी अलीला माणसे वाहून गेली. आपली धरमतरची खाडी त्याच मुंबई बंदराच्या पाण्यात उघडते. लाटेला तिथे यायला जवळजवळ पाच तास लागले होते. नागपट्टणमला दोन तास होते, मुंबईला पाच, आणि दोन्ही वेळा कोणी बोलले नाही. १९४५मध्ये बोलायची सोय नव्हती. आज आहे.

आठवण ठेवली तर काय होते, याचा एक दाखला देतो. सुमात्राच्या अगदी जवळ सिमेउलुए नावाचे बेट आहे. तिथे १९०७मध्ये सुनामीने गावे धुऊन नेली होती. वाचलेल्यांनी ती हकीकत गाण्यांतून आणि आजीआजोबांच्या गोष्टींतून नातवंडांना दिली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला, तर मागे न बघता डोंगरावर जा. २००४मध्ये त्या बेटाला लाट गाठायला काही मिनिटेच लागली. सत्तर हजारांहून अधिक वस्तीतून मेलेल्यांची संख्या एका हाताच्या बोटांच्या थोडीफारच पुढे गेली. तिथे ना सायरन होता, ना उपग्रह. ९७ वर्षांची आठवण होती. आपल्या १९४५ला ऐंशी वर्षे होऊन गेली. आपल्या एकाही गाण्यात, एकाही पाळण्यात ती मला सापडत नाही.

आणि तरी आपण समुद्र न जाणणारी माणसे नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे पेणच्या खारेपाटातल्या शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असते. अष्टमीला सहा वाजता पाणी भरणार, यात कधी चूक होत नाही. दादर, रावे, शिर्की, वाशी, भाल, विठ्ठलवाडी ही गावे समुद्राला थोपवून मिळवलेल्या जमिनीवर जगतात. उधाणाच्या पातळीखाली शेते, आणि मध्ये फक्त मातीचा बाहेरकाठा, म्हणजे समुद्राकडचा बांध.

बाहेरकाठ्याला खांड पडते तेव्हा काय करतात ते इथल्या अनेकांनी केले आहे. ओहोटी लागेपर्यंत काही करता येत नाही. पाणी उतरू लागले की दोन्ही तोंडांकडून माणसे गुडघाभर चिखलात उतरतात. आधी खुंट ठोकायचे, दोन ओळींत. मध्ये पेंढा आणि फांद्या दाबायच्या. मग हातोहात चिखलाचे गोळे. साखळीच्या शेवटच्या टोकाला बहुधा गावातला सगळ्यात जाणता माणूस असतो, कारण गोळा कुठे बसवायचा हे त्यालाच कळते. चुकीच्या जागी बसला तर पुढची भरती तो काढून नेते. वर कोणीतरी पाण्याकडे डोळे लावून उभा असतो. सहा तासांच्या आत तोंड बंद झाले नाही, तर भरती परत येते आणि खांड दुप्पट होते. खारे पाणी शेतात राहिले तर दोन-तीन पावसाळे भात धड होत नाही. २००४नंतर नागपट्टणमच्या शेतकऱ्यांना हेच भोगावे लागले. शेतातला समुद्राचा गाळ काढणे, जिप्सम टाकणे, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढणे. पेणच्या शेतकऱ्याला त्यातले काहीच नवे वाटले नसते.

हे काम पूर्वी गावाची जोळ करत असे. घरटी माणूस, आणि जो येणार नाही त्याने भरपाई द्यायची. बांधातून पाणी सोडणाऱ्या उघाडीची झडप कोणी उघडायची, कधी बंद करायची, हे ठरलेले. मग १९४८चा खारजमिनींचा कायदा आला, १९७९चा आला, शासनाने खारबंदिस्तीच्या योजना हाती घेतल्या. ते योग्यच होते. दगडी पिचिंग आणि काँक्रीटच्या उघाड्या गावाच्या आवाक्यातल्या नव्हत्या. पण शासन आले तशी जोळ मोडत गेली. बांध सरकारचा झाला. आता खांड पडली की अर्ज लिहिला जातो, पाहणी होते, अंदाजपत्रक होते, निविदा निघते. भरती मात्र सहा तासांनी येतेच. मला आज जे सांगायचे आहे ते हेच. देशाची व्यवस्था जसजशी सशक्त होत जाते, तसतसे गाव सैल पडू देणे ही आपली सर्वांत मोठी चूक आहे. हैदराबादहून दहा मिनिटांत निघालेली सूचना भालच्या शेवटच्या घरापर्यंत न्यायला केंद्रात कोणी बसलेले नाही. तिथे जोळच लागते.

‘निसर्ग’ चक्रीवादळाने व्यवस्थेचे बळ आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी दाखवल्या. ३ जून २०२०ला ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात धडकले. टाळेबंदीचे दिवस, करोनाची भीती. तरीही हवामान खात्याने आधीपासून मार्ग सांगितला होता आणि किनाऱ्यावरून हजारो माणसे वेळेत हलवली गेली. इतक्या मोठ्या वादळात जीवितहानी फार थोडी झाली. लाटेआधीचे तास कसे वापरायचे, हे आपण शिकलो होतो. पण वारा थांबल्यावर रोह्यापासून मुरुडपर्यंत वीज गेली, टॉवर पडले आणि मोबाइल मुके झाले. कित्येक गावांत आठवड्यांमागून आठवडे अंधार होता. ज्या यंत्रावर आज आपण इशाऱ्याचा सगळा भार टाकला आहे, तेच यंत्र सगळ्यात आधी बंद पडले. आणि भरपाईचे नियम हेक्टरात लिहिलेले. आपल्या नारळी-पोफळीच्या बागा गुंठ्यांत. एका झाडावर एक घर चालते, हे सरकारी तक्त्यात बसत नव्हते. शेतकऱ्यांनी झाडामागे भरपाई मागितली, ती मागणी अगदी रास्त होती.

रोह्याच्या लोकांना आणखी एक सांगायला हवे. कुंडलिका नदीचे पाणी खाली समुद्राकडून भरतीने चढते आणि वर भिरा विद्युतगृहातून सोडल्यावर वाढते. काठाला धाटावची औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे साठे आहेत. इथे पाणी चढले तर ते नुसते पाणी राहणार नाही. कोणत्या कारखान्यात काय साठवले आहे आणि ते पाण्यात मिसळले तर कोणत्या बाजूला पळायचे, हे काठावरच्या गावांना आधी सांगितलेले असले पाहिजे. जुलै १९८९मध्ये अंबा नदीला पूर आला तेव्हा जांभूळपाड्यात रात्रीत माणसे गेली. जुलै २००५मध्ये महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे डोंगर खाली आला. दरडींखाली गेलेल्या तळिये, इर्शाळवाडी यांची नावे तर ताजी आहेत. या जिल्ह्याला संकटाची ओळख करून द्यावी लागत नाही. पण दर वेळी आपण नव्याने हळहळतो, ट्रक भरून धान्य पाठवतो, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विसरतो.

कांदळवनाचाही उल्लेख करायला हवा. तामिळनाडूत पिचावरमच्या कांदळवनामागची गावे तुलनेने वाचली, असे सुनामीनंतरच्या अभ्यासकांनी नोंदवले. धरमतरच्या काठाने भराव टाकले जात असताना हे आठवायला हवे. खाडीच्या तोंडाशी उभे असलेले झाड बांधाच्या आधी मार खाते.

ओडिशाने काय केले पाहा. १९९९च्या महावादळात तिथे हजारो माणसे मेली होती. २०२०मध्ये त्याच राज्यातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना युनेस्कोच्या आयोगाने ‘सुनामी-सज्ज’ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी काही कोटींचा प्रकल्प लागला नाही. गावाचा नकाशा काढला, कुठपर्यंत पाणी येऊ शकते ते त्यावर रंगवले, उंच जागेकडे जाणाऱ्या वाटांवर पाट्या लावल्या, म्हाताऱ्यांना आणि अंथरुणावरच्यांना कोण उचलणार ते ठरवले, आणि सगळ्यांनी मिळून सराव केला. भूगोलाच्या शिक्षकाला यातले काहीही अवघड नाही. आठवी-नववीची मुले हा नकाशा महिन्याभरात काढू शकतात.

२००५च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा करणे बंधनकारक केले आहे आणि तो दरवर्षी तपासून सुधारायचा असतो. आपापल्या गावाविषयी त्यात काय लिहिले आहे ते पंचायतीकडून, तहसील कचेरीकडून मागून घ्या. जूनच्या पहिल्या उधाणाआधी ते ग्रामसभेत मोठ्याने वाचा. निवाऱ्याची जागा म्हणून लिहिलेल्या शाळेचे छप्पर धड आहे का, दिलेल्या फोन नंबरवर कोणी उचलते का, खाडीकाठच्या शेवटच्या घराचे नाव त्यात आहे का, हे बघा. जे चूक असेल ते दुरुस्त करून, सह्या करून, परत पाठवा.